खानदेशात खगोलीय नौकानयनाचा सराव

सूर्य-ताऱ्यांचे उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनीय उंची) सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने मोजून जहाजाचे स्थान काढणे म्हणजे खगोलीय नौकानयन. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सेकंड मेटच्या (जहाजावरील नौकानयन अधिकाऱ्याच्या) सक्षमता प्रमाणपत्रासाठी ते आजही यावे लागते. या करारातील २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनंतर प्रशिक्षणात संगणकीय आकडेमोड चालते, पण सेक्स्टंट सुटलेला नाही. जळगाव-धुळ्याच्या उमेदवाराला गणिताआधी क्षितिज अडते. सातपुड्याची कड समुद्राच्या क्षितिजाच्या जागी चालत नाही.

त्यावर उपाय कृत्रिम क्षितिजाचा. पसरट थाळीत वापरलेले काळे इंजिन ऑइल किंवा काकवी ओतून ती आडोशाला जमिनीवर ठेवतात. सेक्स्टंटमधून खाली आणलेल्या सूर्याची खालची कड थाळीतल्या प्रतिबिंबाच्या वरच्या कडेला टेकवली, की सेक्स्टंटच्या चापावर (अंशांच्या मोजपट्टीवर) उन्नतांशाची दुप्पट मिळते. थाळीतला सूर्यही डोळे जाळतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या काळ्या काचा लावायच्याच. आधी इंडेक्स एरर, म्हणजे उपकरणाची शून्याची चूक, काढायचा (शून्याच्या पुढे चापावर असेल तर वजा), मग निम्मे करायचे. क्रम उलटला की चूक पक्की. त्यानंतर बिंबार्ध (सूर्यबिंबाची त्रिज्या) सुमारे १६′ मिळवून वक्रीभवन (हवेत किरण वाकल्याने येणारा फरक) वजा करतात. जळगावचे अक्षांश सुमारे २१°०१′. तेथे २२ डिसेंबरला दुपारी साधारण १२:२६ वाजता, इंडेक्स एरर नसेल तर, चापावर ९०°३६′ च्या आसपास यावे. वाऱ्याने तेल थरथरते. त्यावर काचेचे छप्पर ठेवले तर निम्मी मापे ते फिरवून घ्यावीत, कारण काच क्वचितच पूर्ण समांतर असते.

सेक्स्टंटचा चाप साधारण १२०°-१३०° वर संपतो, त्यामुळे मार्च ते सप्टेंबर दुपारचा सूर्य हाती लागत नाही. २५ मेच्या सुमारास तर तो थेट डोक्यावर असतो. तेव्हा सकाळी किंवा उतरत्या उन्हात मापे घेऊन स्थानरेषा (ज्यांवर कुठेतरी आपले स्थान असते त्या रेषा) काढाव्यात. रात्री ध्रुवतारा आहेच, पण तेलात तो फिका दिसतो. चाप आधीच ४२° वर लावून ठेवला तर सापडतो. खऱ्या ध्रुवापासून तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर असल्याने अल्मनॅकमधील (नाविक पंचांगातील) दुरुस्ती टाळता येत नाही.

हा सराव हात बसवतो, पण दोन सवयीही बिघडवतो. थाळीत क्षितिज-नती (डोळा उंचावर असल्याने क्षितिज जेवढे खाली दिसते तो कोन) नसते, म्हणून ती वजा करण्याचे भान सुटते. समुद्रसपाटीपासून २५ मीटर उंचीवरच्या डोळ्याला ती ८.८′, म्हणजे स्थानरेषेत जवळपास नऊ सागरी मैलांची चूक. दुसरे, थाळीवर तारे रात्रभर घेता येतात. जहाजावर मात्र तारे आणि क्षितिज दोन्ही दिसतील असा संधिप्रकाश थोडाच वेळ मिळतो, त्यामुळे कोणते तारे कोणत्या दिशेला शोधायचे याची यादी आधीच काढून ठेवावी लागते.