बफर आणि कॉरिडॉर: परडं वेगळं, पाणंद वेगळी

‘आमचं गाव बफरमध्ये गेलं’ असं दोडामार्ग-सावंतवाडीकडे सर्रास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात असतो तो बहुतेक वेळा कॉरिडॉर. दोन्हीकडे माणसं राहतात, शेती होते, जनावरंही येतात-जातात, म्हणून गल्लत होते.

बफर म्हणजे घराभोवतीचं परडं: व्याघ्र प्रकल्पाच्या कडक संरक्षणातल्या गाभ्याला लागून असलेला पट्टा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून झाला. त्याचा गाभा सुमारे ६०० चौरस किलोमीटर, बफर सुमारे ५६५. चराई, लाकूडफाटा यांचा गाभ्यावर येणारा ताण बफर झेलतो.

कॉरिडॉर म्हणजे पाणंद: एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची जनावरांची वाट. चांदोलीकडून दक्षिणेला राधानगरी, आंबोली, तिलारी, पुढे गोव्यातलं म्हादई, कर्नाटकातलं भीमगड आणि काळी, अशी ही वाट सह्याद्रीच्या रांगेनं जाते. वाघाचा नर दोनेक वर्षांचा झाला की आईचा मुलूख सोडून निघतो. वाट बंद असेल तर मूठभर जनावरांचं आपसातच प्रजनन होतं आणि वंश दुबळा होत जातो. मग गाभ्यावर कितीही चोख पहारा असो.

परड्याचा एक कोपरा गेला तरी उरलेलं परडं कामाला येतं. पाणंदीत मात्र कुणी मधेच गडगा घातला, की सगळ्या वाडीची गुरं अडतात. त्यामुळे ‘इथे वाघ राहतो कुठे?’ हा प्रश्न कॉरिडॉरला लावूच नये. वर्षातून एखादा वाघ रात्रीतून निघून गेला, तरी त्या वाटेचं काम झालं.

शिवाय वाट एकट्या वाघाची नाही. ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, एका देवराईतून दुसरीत उडत जातो आणि खाल्लेल्या फळांच्या बिया वाटेत पेरतो. त्याला अधूनमधून जुनी, मोठी झाडं मिळाली तरी भागतं. शेकरूचं तसं नाही. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, त्याला फांदीला फांदी लागते. जंगल साफ करून रबर लावलं, की वरून सगळं हिरवंच दिसतं; पण वेलींनी बांधलेलं, फळांनी भरलेलं रान तिथे उरत नाही.

कोकणात खरी अडचण सातबाऱ्यावर आहे. दोन संरक्षित क्षेत्रं जोडणाऱ्या सरकारी जमिनीला वन्यजीव कायद्याच्या कलम ३६अ खाली ‘संवर्धन राखीव’ करता येतं. तिलारीचं सुमारे २९.५ चौरस किलोमीटर जंगल २०२० मध्ये असंच राखीव झालं. पण सिंधुदुर्गातलं बरंच रान खासगी आहे. राखीवाची हद्द संपते तिथून कुणाची तरी काजूची बाग सुरू होते आणि पाणंद तिच्यातूनच पुढे जाते. २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती येऊ लागले, तेव्हा माड आणि केळी मोडली ती याच बागायतदारांची. वाट उघडी राहायची तर त्यांचे पंचनामे वेळेत झाले पाहिजेत आणि भरपाई मोडलेल्या माडाच्या मोलाची मिळाली पाहिजे.