बुडी मारणारी बदके: रंगाआधी ढब पाहा

हिवाळ्यात उजनी किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर बदके उतरली की नवखे निरीक्षक आधी रंग शोधतात. माझा आग्रह वेगळा आहे. बदक पाण्यावर बसते कसे, ते आधी पाहा. हंगामाच्या सुरुवातीला बरेच नर पिसे बदलत असतात आणि मादीसारखेच तपकिरी दिसतात, त्यामुळे रंगाने फसगत होते. बसण्याच्या ढबीने सहसा होत नाही.

तलवार बदक, थापट्या ही सहसा बुडी न मारणारी बदके; त्यांचे खाणे उथळ पाण्यात. डोके खाली, शेपटी वर, बाकी अंग पाण्याबाहेर. बुडी मारणारे बदक पाण्यात खोल बसते, शेपटी जवळजवळ पाण्याला टेकलेली असते, आणि बघता बघता ते अख्खेच दिसेनासे होते.

याचे मूळ पायांत आहे. या बदकांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात, पंजे मोठे असतात आणि मागच्या बोटालाही पातळ पाळी असते. पाण्याखाली पंख मिटलेलेच राहतात, सगळा जोर पायांचा. बुडणे तसे कष्टाचेच, कारण पिसांत अडकलेली हवा शरीराला सतत वर ढकलते. म्हणून बुडी घेण्याआधी बदक पिसे अंगाशी घट्ट दाबते, हवा बाहेर काढते आणि छोटीशी उसळी मारून खाली जाते. तळाशीही पाय हलतेच ठेवावे लागतात. ते थांबले की बदक आपोआप वर येते. बहुतेक बुड्या अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात.

याच पायांमुळे जमिनीवर त्यांची चाल बेंगरूळ होते. उडतानाही तलवार बदकासारखे जागेवरून उसळता येत नाही, पाण्यावरून धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. दुर्बीण नसली तरी ही धाव लांबून ओळखू येते.

मग रंगाकडे वळावे. छोट्या लालसरीच्या नराचे डोके तांबूस, छाती काळी, पाठ राखाडी. मोठ्या लालसरीच्या नराचे डोके नारिंगी आणि चोच लालभडक. ही मात्र पाण्यावर जरा उंच तरंगते, पाणवनस्पती खाते आणि पुष्कळदा नुसते डोके बुडवूनच चरते, म्हणून तिच्या बाबतीत ढबीवर फार विसंबू नये. शेंडी बदकाचा नर काळा, कुशी पांढऱ्या, डोळा पिवळा. त्याला गोगलगायी, शिंपले प्रिय. वारकरी आणि टिबुकली हे पाणपक्षीही बुड्या मारतात, पण ती बदके नव्हेत. वारकऱ्याची पांढरी चोच आणि टिबुकलीची टोकदार चोच पाहिली की शंका उरत नाही.

छोटी लालसरी पुष्कळदा रात्री चरते. दिवसा जलाशयाच्या मध्यावर चोच पाठीत खुपसून बसलेला तिचा थवा आजारी नसतो, विश्रांती घेत असतो. जगभर तिची संख्या इतकी घटली आहे की 2015 पासून तिची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते. अशा थव्यावर फोटोसाठी होडी घालणे मला अक्षम्य वाटते. झोप तर मोडतेच, शिवाय पाण्यावरच्या प्रत्येक धावेत भरपूर शक्ती खर्च होते, आणि पुढे परतीचा हजारो किलोमीटरचा प्रवास असतो. थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या, पक्षी एकाच दिशेने पोहत दूर जाऊ लागले, की नावाड्याला तिथेच थांबायला सांगावे.