अडकित्त्याच्या तोंडात मोदकाचा साचा

चोर बाजारात शुक्रवारी सकाळी पथाऱ्या पसरतात. तिथे जुन्या कुलपांच्या ढिगात एक वस्तू हाती लागली. दांडे अडकित्त्यासारखे, पण तोंडाशी पातं नाही. त्याऐवजी दोन लोखंडी ठोकळे, आणि ते मिटले की आत बोराएवढी गोल पोकळी. "सुपारी काटने का है साब, पुराना माल," विक्रेता म्हणाला. सुपारी त्यात जेमतेम मावली असती, कातरली काही गेली नसती. तो ठासणीच्या बंदुकीसाठी शिशाची गोळी ओतायचा साचा होता. मी तो जागच्या जागी ठेवून दिला. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा दारूगोळ्याच्याच व्याख्येत येते, आणि हौसेपायी पोलीस ठाण्याची पायरी चढायची माझी तयारी नव्हती. पण वस्तू डोक्यातून जाईना.

आपल्या स्वयंपाकघरात तिची चुलत बहीण असते: मोदकाचा साचा. बिजागरी, दोन अर्ध्या पोकळ्या, मिटा, भरा, उघडा. फरक एवढाच की मोदकाच्या साच्याला आपण तुपाचं बोट लावतो आणि इथे तेच तूप घात करतं. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. एवढ्या तापलेल्या धातूखाली स्निग्धाचा अंश सापडला की त्याची वाफ होते, ती धातू आणि भिंत यांच्यामध्ये शिरते आणि गोळीवर सुरकुत्या पडतात. म्हणून जुने लोक साच्याला आतून दिव्याची काजळी धरत. साचा थंड असला तरी सुरकुत्या पडतातच, कारण शिसं कोपऱ्यांपर्यंत पोहोचायच्या आत थिजतं. पहिल्या काही गोळ्या त्यामुळे पुन्हा कढईत जायच्या. पहिला घावन तव्याला चिकटतो, तसाच हा प्रकार.

साच्याच्या आतल्या सपाट बाजू भिंगाखाली पाहिल्या तर कधीकधी केसासारख्या बारीक रेघा दिसतात. त्या ओरखडे नाहीत, मुद्दाम कोरलेल्या असतात. शिसं आत यायचं तर हवेला बाहेर जायला वाट हवी. पण मग त्याच वाटेने शिसं का ओघळत नाही? वितळलेल्या शिशाचं पृष्ठताण पाण्याच्या साधारण सहापट असतं. एवढ्या चिंचोळ्या फटीत शिरायचं तर पृष्ठभाग फार वाकवावा लागतो, आणि वरच्या दोन-चार सेंटिमीटर शिशाच्या वजनात तेवढा जोर नसतो. हवा सुटते, धातू राहतो. ज्यांनी या रेघा पहिल्यांदा कोरल्या त्यांना पृष्ठताण हा शब्द ठाऊक नसणार. हात मात्र बरोबर चालला.

दुसरी अडचण आकसण्याची. थिजताना शिसं आकारमानाने सुमारे साडेतीन टक्के कमी होतं. बाहेरचं कवच आधी घट्ट झालं की ही तूट आत पोकळी होऊन बसते, आणि एका बाजूला पोकळ असलेली गोळी सरळ जात नाही. उपाय असा, की ओतायच्या भोकावर थोडं जास्तीचं शिसं उभं ठेवायचं. ते शेवटी थिजतं आणि तोवर खाली धातू पुरवत राहतं. मग गोळीला शेपूट राहते, ती छाटावी लागते. जुन्या साच्यांत ही छाटायची धार बऱ्याचदा दांड्यांच्या सांध्यापाशीच असे. म्हणजे विक्रेता अगदीच चुकला नव्हता. अडकित्ता होता, सुपारीचा नव्हता.

आपल्याकडे बंदुकीसाठी 'बारा बोअर' हा शब्द सर्रास वापरला जातो, पण बारा कशाचे? एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची. म्हणजे नळीचा व्यास फूटपट्टीने नव्हे, तराजूने मोजलेला. करून पाहा: 453.6 ग्रॅमचा बारावा भाग 37.8 ग्रॅम, शिशाची घनता 11.34, म्हणून आकारमान 3.33 घन सेंटिमीटर आणि व्यास साडेअठरा मिलिमीटर. पौंडाचे 7000 ग्रेन होतात, आणि इंग्रजांनी पक्का केलेला आपला तोळा बरोबर 180 ग्रेनचा. बारा बोअरची गोळी सव्वातीन तोळ्यांच्या आसपास भरते. झवेरी बाजारातला तराजू इथेही चालला असता.

मुंबईला हे ओतकाम एका वेगळ्याच दाराने परिचयाचं होतं. जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा मराठी अक्षरांचे खिळे शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून पाडले जात. गोळ्या ओतणाऱ्यांनाही हीच तीन नावं प्रिय. नुसतं शिसं नखाने ओरखडता येतं. अँटिमनीने ते कणखर होतं, कथिलाने साच्याचा कानाकोपरा भरतं. शंभर भागांत 12 अँटिमनी आणि 4 कथील घातलं तर मिश्रण 240 अंशांच्या आसपासच वितळतं, तिघांपैकी शिसं आणि अँटिमनी यांच्या वितळण्याच्या तापमानाच्या कितीतरी खाली. पळी, साचा, धूर, सगळं सारखं. आणि शिशाचं विषही सारखंच. खिळे जुळवणारा जुळारी असो की शिकारी, ते कुणाला सोडत नाही.

पुढे धातूचं काडतूस आलं आणि हत्यारं बदलली. काडतुसात चार गोष्टी असतात: गोळी, दारू, ठिणगी देणारी टोपी आणि पितळेची पुंगळी. बार उडाल्यावर पहिल्या तीन कामी येऊन संपतात, पुंगळी मागे उरते. ती महाग असे, म्हणून पुन्हा भरायची. अमेरिकेत जॉन बार्लो यांनी 1884 मध्ये 'आयडियल' कंपनी काढून यासाठी हातात मावणारे चिमटे विकले. तिकडे अशा चिमट्यांना अक्रोडफोड्या म्हणतात; बघा, दोन्ही देशांत बघणाऱ्याला फळ फोडायचं हत्यारच आठवलं. टोपीची गंमत आणखी वेगळी. बॉक्सर नावाचा इंग्रज आणि बर्डन नावाचा अमेरिकन या दोघांनी 1866 च्या सुमारास आपापल्या टोप्या काढल्या. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक, त्यातून सुई घालून जुनी टोपी ढकलता येते. हौशी पुनर्भरण अमेरिकेत फोफावलं ते या इंग्रजी पद्धतीवर. बर्डनची पद्धत युरोपात रुजली.

खरी गोष्ट पितळेची. 70 भाग तांबं, 30 भाग जस्त. बार उडताच पुंगळी फुगून नळीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही, मग किंचित आकसून सुटते. प्रत्येक वेळी फुगणं आणि चिमट्याने पुन्हा दाबणं यात पितळ कडक होत जातं. तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, तसं पुंगळीचं तोंड अखेरीस चिरतं.

पण एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेला न उडालेल्या पुंगळ्याही चिरलेल्या सापडू लागल्या, त्याही पावसाळ्यात. पावसामुळे दारूगोळा तबेल्यांत ठेवलेला असे. कारण नीट उलगडलं 1921 मध्ये: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो, आणि ओढून घडवलेल्या पुंगळीत आधीच दडलेला ताण त्या जागी तिला उकलतो. ताण नसलेल्या पितळेला तोच अमोनिया असा फोडत नाही. उपाय म्हणजे पुंगळी घडवल्यावर बेताने तापवून ताण सैल करणं.

जुने हौशी लोक हे मेणबत्तीवर करत. पुंगळीचा तळ चिमटीत धरायचा, तोंड ज्योतीवर फिरवायचं. तोंड नरम व्हायला हवं, तळ नाही, कारण सगळा दाब तळाने पेलायचा असतो. बोटांना चटका बसला की उष्णता तळाकडे आली असं समजायचं आणि पुंगळी सोडून द्यायची.