होंग सांग-सू आणि किम की-दुक यांच्यात गल्लत का होते

कोरियन स्वतंत्र सिनेमाचा विषय निघाला की या दोन दिग्दर्शकांची नावं हमखास एका दमात घेतली जातात, आणि एकाचा सिनेमा सहज दुसऱ्याच्या नावावर टाकला जातो. कारणंही तशीच आहेत. दोघांचा जन्म 1960 चा, दोघांचा पहिला सिनेमा 1996 चा. दोघांनीही थोड्या पैशात भराभर सिनेमे केले. मायदेशात प्रेक्षक मोजके. बर्लिन, व्हेनिस, कानच्या चित्रपट महोत्सवांत मान मोठा. त्यात किम की-दुक नावाचे जुन्या पिढीतले आणखी एक दिग्दर्शक होते. 1967 चा राक्षसपट ‘योंगारी’ त्यांचा. त्यामुळे नावावरून सिनेमा शोधताना जन्मसाल ताडून पाहावं.

खरा फरक कळतो तो कमी पैशाचं दोघांनी काय केलं यावरून.

किम फिल्म स्कूलमध्ये गेलेच नाहीत. कारखान्यात राबले, मरीन दलात होते, मग पॅरिसला जाऊन चित्रं काढली. त्यांचा सिनेमाही चित्रापासून सुरू होतो. ‘थ्री-आयर्न’मध्ये (2004) एक तरुण घरोघरी दारांवर जाहिरातीचे कागद चिकटवून जातो. नंतर येऊन पाहतो. ज्या दारावरचा कागद तसाच आहे ते घर रिकामं. आत शिरून तो झोपतो, जेवतो, आणि मोबदला म्हणून घरमालकांचे कपडे धुतो, मोडकं घड्याळ दुरुस्त करतो. सिनेमाभर हा माणूस एक शब्द बोलत नाही आणि तरी काहीच कळायचं राहत नाही. ‘स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग’साठी (2003) त्यांनी जुसानजी तलावावर तरंगता मठ उभारला. तो मठ म्हणजे सेट होता, पाण्यात उभी असलेली झाडं मात्र खरी. प्रौढ भिक्षूची भूमिका किम यांनी स्वतःच केली. जर्मनीच्या पँडोरा फिल्मने निर्मितीत भागीदारी केली होती. किम यांच्याकडे पैसा, वेळ, नटाचं शरीर, सगळं त्या एका प्रतिमेपायी खर्ची पडतं.

होंग यांची घडण कॅलिफोर्निया आणि शिकागोच्या कलाशाळांतली. सुरुवातीला त्यांचेही सिनेमे नेहमीच्या पद्धतीने, ठरलेल्या पटकथेवर होत. 2005 मध्ये त्यांनी जॉनवॉनसा ही स्वतःची कंपनी काढली आणि मग खर्च पायरीपायरीने उतरवत नेला. जागा खऱ्या: खानावळ, कॅफे, समुद्रकिनारा, कुणाचं तरी घर. त्या दिवशीचे प्रसंग त्याच दिवशी सकाळी लिहायचे, पानं नटांच्या हातात द्यायची, पाठ झाली की शूटिंग. कॅमेरा तिपाईवर, टेबलाच्या एका बाजूला. दोन माणसं, सोजू या कोरियन दारूच्या हिरव्या बाटल्या, आणि कित्येक मिनिटं न तुटणारा शॉट. मध्येच झूम एका चेहऱ्यावर सरकतो. ‘इंट्रोडक्शन’पासून (2021) छायाचित्रणही ते स्वतः करतात, लेखन, संकलन, संगीत, निर्मिती आधीपासून हातात आहेच. खर्च इतका कमी की एखादा सिनेमा नाही चालला तरी पुढचा अडत नाही. हे स्वातंत्र्य त्यांनी हिशेबाने मिळवलं आहे, आणि कोरियन सिनेमात याहून मोलाची कमाई मला दिसत नाही. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी त्यांचे दोन-दोन सिनेमे आले.

त्यामुळे ओळखायला दहा मिनिटं पुरतात. माणसं गप्प आहेत आणि काहीतरी शारीरिक, अघटित घडणार असं वाटतंय, तर किम. माणसं पितायत, बोलतायत, अवघडतायत, तर होंग.

पुढचा प्रवासही वेगळा. किम यांना 2004 मध्ये बर्लिन आणि व्हेनिस, दोन्हीकडे दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. 2008 च्या ‘ड्रीम’च्या शूटिंगमध्ये फाशीच्या दृश्यात अभिनेत्रीच्या जिवावर बेतलं. त्यानंतर ते एकांतात गेले आणि ‘अरिरांग’मध्ये (2011) स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. 2012 मध्ये ‘पिएता’ला व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, मिळाला. 2013 मध्ये तिरुअनंतपुरमच्या महोत्सवात त्यांच्याभोवती एखाद्या नटासारखी गर्दी होती. पण 2017 मध्ये एका अभिनेत्रीने शूटिंगदरम्यान मारल्याची तक्रार केली आणि त्या मारहाणीबद्दल त्यांना दंड झाला. 2018 मध्ये लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. ते त्यांनी नाकारले. डिसेंबर 2020 मध्ये लाटव्हियात कोविडने त्यांचं निधन झालं. त्यांच्या पडद्यावरची स्त्रियांवरची हिंसा आज हे सगळं माहीत असूनच पाहावी लागते, आणि तसंच पाहायला हवं.

सुरुवात चुकली तर दोघेही हातचे जातात. किम यांच्या ‘द आइल’ने (2000) सुरुवात करू नये, त्यात मासे धरायच्या गळाने शरीराला इजा करण्याची दृश्यं आहेत, आणि मासा खरोखर जिवंत कापला आहे. होंग यांचा ‘इन वॉटर’ (2023) जवळजवळ पूर्ण फोकसबाहेर चित्रित केलेला, म्हणून तोही आधी नको. किम यांच्यासाठी ‘थ्री-आयर्न’ घ्या, होंग यांच्यासाठी ‘राइट नाऊ, राँग देन’ (2015, लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार गोल्डन लेपर्ड). तासाभराने पडद्यावर पुन्हा शीर्षक येतं आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. प्रिंट बिघडली असं समजून पुढे ढकलू नका. दोन्ही भागांत गोष्टीतला नायक, जो स्वतः सिनेदिग्दर्शक आहे, नुकत्याच भेटलेल्या चित्रकार मुलीच्या स्टुडिओत जातो. पहिल्यांदा तो तिच्या चित्राची स्तुती करतो, दुसऱ्यांदा मनातलं बोलतो. त्या एका वाक्यानंतर तिचा चेहरा बघा.