भूमिकाधारित प्रवेशाधिकार (लेखापरीक्षण पथकासाठी)

संगणकीय हिशेबप्रणालीत कोणाला काय दिसावे आणि काय करता यावे, हे माणसाच्या नावावर न ठरवता त्याच्या कामावर ठरवण्याची पद्धत. आधी भूमिका बांधायची : काटा लिपिक, रोखपाल, पासिंग अधिकारी, लेखापरीक्षक. अधिकार त्या भूमिकेला जोडायचे आणि मग माणूस भूमिकेत बसवायचा. बदली झाली, निवृत्ती आली तर माणूस निघतो, भूमिका तशीच राहते. कोल्हापुरातल्या कचेऱ्यांत एवढे लांब नाव कोणी घेत नाही. ‘ऑडिटरला राईट्स द्या’ म्हटले की काम कळते.

या पद्धतीची औपचारिक मांडणी डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी 1992 मध्ये केली. 1996 मध्ये रवी संधू व सहकाऱ्यांनी तिला भूमिकांची उतरंड आणि बंधने जोडली, आणि 2004 मध्ये ती अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाली. बंधन म्हणजे एकाच माणसाला दोन विसंगत भूमिका न देणे. आपल्या सहकारी बँकांना यात नवे काही नव्हते. व्हाउचर एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने पास करायचे, ही शिस्त खतावणी हाताने लिहिली जायची तेव्हापासूनची आहे.

लेखापरीक्षकाचा पाहण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. सहकारी संस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधील कलम 81 आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांसाठी कंपनी अधिनियम, 2013 मधील कलम 143 त्याला हिशेब व कागदपत्रे खुली करते. पूर्वी हा हक्क कपाटाच्या किल्लीने बजावला जाई, आता लॉगिनने. म्हणून लेखापरीक्षकाच्या भूमिकेचे सूत्र सोपे दिसते : सगळे पाहता यावे, काहीच बदलता येऊ नये. घोळ होतो तो ‘सगळे’ या शब्दात.

साखर कारखान्याचा काटा घ्या. उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आली की भरलेले वजन, खाली करून परतताना रिकामे वजन, वजाबाकी म्हणजे निव्वळ ऊस; त्याच आकड्यावर पंधरवड्याचे बिल निघते आणि त्यातूनच सेवा सोसायटीच्या कर्जाची वसुली कापली जाते. समजा, मध्यरात्रीनंतर कोणीतरी एका खेपेचे रिकामे वजन 8.240 टनांवरून 7.740 टन केले. निव्वळ उसात 500 किलोची भर पडली. लेखापरीक्षकाच्या भूमिकेला फक्त ‘अहवाल पाहणे’ एवढाच अधिकार असेल, तर त्याला दिसेल ती स्वच्छ पावती, बरोबर बेरीज आणि बरोबर बिल. जुना आकडा, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ बदलनोंदीत पडलेली असते आणि ती नोंद दाखवणारा स्क्रीन त्याच्या लॉगिनला बंद असतो. उत्पादकाचा बँक खाते क्रमांक बदलला जातो तेव्हाही हेच. लेखापरीक्षकाला बदलनोंद न दाखवणारी भूमिका, माझ्या मते, अर्धवटच म्हणावी.

कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही बदलनोंद ठेवणे आणि ती बंद करता न येणे 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचे आहे. हा नियम कंपन्यांचा आहे, सहकारी कारखान्याला तो लागू होत नाही. तिथे विक्रेत्याने सॉफ्टवेअर कसे बांधले यावरच बरेच अवलंबून राहते. मार्केट यार्डातल्या गूळ अडत्याकडे टॅली ही हिशेबाची तयार प्रणाली असते. तिच्यातही वापरकर्त्यांचे अधिकार वेगळे ठेवता येतात, पण मालकाचाच पासवर्ड सगळे वापरतात.

उलट बाजूने, ‘फक्त पाहणे’ म्हणून दिलेली भूमिका नेहमी तेवढीच राहत नाही. पावती पुन्हा छापणे, बंद केलेला दिवस उघडणे, सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून घेणे ही बटणे तिच्यात नकळत येतात. आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दिसले तरी तपासणीला पुरतात. पूर्ण क्रमांक पेन ड्राइव्हवर जायचे कारण नाही.

पथकात सगळ्यांना एकच भूमिका चालत नाही. वैधानिक लेखापरीक्षकाला सरलेले वर्ष लागते, बँकेतल्या कॉन्करंट ऑडिटरला, म्हणजे व्यवहार होतील तसे तपासणाऱ्याला, कालचा दिवस, अंतर्गत लेखापरीक्षकाला नेमलेली शाखा किंवा विभाग. सनदी लेखापालांकडे उमेदवारी करणाऱ्या आर्टिकल मुलांना मुख्य लेखापरीक्षकाच्या भूमिकेतला ठरावीक तुकडाच द्यावा. ही मुले दोन वर्षांत बदलतात, आणि ‘ऑडिट’ नावाचे एकच लॉगिन पाच जणांत फिरत राहिले तर कोणी काय पाहिले याची नोंद असून नसल्यासारखी.

यातला सर्वांत अवघड सांधा म्हणजे हे अधिकार देतो कोण. बहुतेक ठिकाणी ईडीपी म्हणजे संगणक विभाग देतो, आणि त्याचीही तपासणी व्हायची असते. ज्याच्या घराची झडती व्हायची त्यानेच किल्ल्या निवडून द्यायच्या, असा हा प्रकार. म्हणून मागणी मुख्य लेखापरीक्षकाने लेखी करावी, मंजुरी कार्यकारी संचालकाने द्यावी आणि भूमिका तयार केल्याचीही बदलनोंद पडावी. जुने लेखापरीक्षक पहिल्याच दिवशी सगळ्या वापरकर्त्यांची आणि त्यांच्या भूमिकांची यादी मागतात. त्यात दोन-तीन निवृत्त माणसे अजून ‘कामावर’ सापडली की पुढची तपासणी कुठून सुरू करायची ते कळते.

लॉगिन देतानाच त्याला शेवटची तारीख घालतात. अहवाल सादर झाला की ते आपोआप बंद होते. पुढे दोषदुरुस्ती अहवालाची, म्हणजे शेऱ्यांवर संस्थेने काय दुरुस्ती केली याची, पडताळणी निघाली, तर नव्या मागणीवर, नव्या तारखेसह आणि फक्त त्या शेऱ्यांपुरते ते पुन्हा उघडतात.