‘कचरा’ म्हणून झटकलेला आरएनए

‘डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनं बनवतो, बाकी सगळा कचरा,’ हे वाक्य अजूनही फिरतं. १९७२मध्ये जनुकशास्त्रज्ञ सुसुमू ओह्नो यांनी ‘जंक डीएनए’ हा शब्द रूढ केला, तेव्हापासून ते चिकटलंय. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा.

त्या उरलेल्या भागातूनही आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली रेणूरूपी प्रत, तयार होतो. त्याचं प्रथिन होत नाही, पण कोणतं जनुक चालू राहील, कोणतं बंद, यात त्याचा हात असू शकतो. स्तनाच्या कर्करोगातला ‘हॉटएअर’ नावाचा असाच एक आरएनए घ्या: बाराव्या गुणसूत्रावरून निघणारा, सुमारे २,२०० रासायनिक अक्षरांचा. मूळ गाठीत तो खूप वाढलेला असेल तर कर्करोग इतर अवयवांत पसरण्याची शक्यता जास्त दिसते, असं २०१०मध्ये संशोधक हॉवर्ड चँग यांच्या गटाने दाखवलं. जनुकं बंद करणाऱ्या ‘पीआरसी-२’ या प्रथिनसमूहाला तो भलत्याच जागी नेतो, हे त्यांचं स्पष्टीकरण. २०१७च्या प्रयोगांत मात्र पीआरसी-२ नसतानाही हॉटएअरने जनुकं दाबली. म्हणजे कोडं पुरतं सुटलेलं नाही.

उरलेला सगळाच डीएनए कामाचा, हेही खरं नाही. बराचसा भाग खरोखरच निष्क्रिय असावा, असं मला वाटतं.

आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना कळकळीने सांगते: आज उपचार ठरतात ते गाठीचा टप्पा आणि ईआर, पीआर (संप्रेरकांना प्रतिसाद देणारी प्रथिनं) आणि हर-टू (पेशींच्या वाढीशी संबंधित प्रथिन) यांच्या तपासण्या पाहून, हॉटएअर मोजून नव्हे.