फिजिओथेरपीवाले मुलांची धावपळ का मोजायला लागले

धडधाकट पोरांच्या कमरेला छोटं मशीन बांधून ती दिवसभरात किती हलतात हे फिजिओथेरपिस्ट का मोजत बसतात, त्यांचं काम तर दुखणं बरं करायचं ना, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण हा पेशा मुळात व्यायामशाळेतूनच बाहेर पडलाय. १८१३ मध्ये पेर हेन्रिक लिंगने स्टॉकहोमला जिम्नॅस्टिक्सची संस्था काढली, तिथे सैनिकांचा व्यायाम, शाळेतली कवायत आणि आजारी माणसांचा व्यायाम ही एकाच विद्येची अंगं मानायचे. पुढे ही स्वीडिश पद्धत इंग्लंडमध्ये गेली, लंडनच्या मुलींच्या शाळांमध्ये शिकवली जाऊ लागली. १८९४ मध्ये तिथल्याच चार नर्सेसनी मालिश करणाऱ्यांची संघटना काढली जी आज ब्रिटिश फिजिओथेरपिस्टांची संघटना आहे, आणि हळूहळू कवायत शाळेकडे गेली, उपचार हॉस्पिटलकडे. निरोगी मूल मग फिजिओथेरपीच्या नजरेतून बराच काळ बाहेरच राहिलं.

आजारी मुलांच्या बाबतीत तर उलटंच चालायचं, हलू द्यायचं नाही. पोलिओमध्ये कमजोर स्नायूंना धडधाकट स्नायू ओढतील आणि हातपाय वाकडे होतील या भीतीने मुलांना महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये, पट्ट्यांमध्ये जखडून ठेवायचे. ऑस्ट्रेलियातली एलिझाबेथ केनी नावाची नर्स, खेड्यापाड्यात काम करणारी, तिने हे सोडून लोकरीच्या गरम पट्ट्या लावायच्या आणि पाय हलवत राहायचा असं सुरू केलं. पोलिओ म्हणजे नेमकं काय होतं याबद्दलची तिची थिअरी डॉक्टरांना पटली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसा दमही नव्हता, पण हाताखालची मुलं सुधारताना दिसत होती. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली, १९४२ मध्ये मिनियापोलिसला तिच्या नावाने इन्स्टिट्यूट निघाली, आणि प्लास्टरचा जमाना ओसरायला लागला. १९५५ मध्ये लस आली म्हणून पोलिओचं काम पुढे आटलं, नाहीतर हा वाद अजून बरीच वर्षं चालला असता.

निरोगी मुलं परत चर्चेत आली ती एका गमतीशीर मार्गाने. न्यूयॉर्कमध्ये हान्स क्राउस नावाचा डॉक्टर पाठदुखीच्या पेशंटांवर काम करायचा, त्याने सोन्या वेबरबरोबर ६ साध्या हालचालींची टेस्ट बनवली होती, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना किमान ताकद आहे का, गुडघे न वाकवता पायाच्या बोटांना हात लागतो का, एवढंच बघायची. हीच टेस्ट त्याने आणि व्यायाम शिकवणाऱ्या बोनी प्रुडनने शाळेतल्या मुलांवर लावली. १९५४ च्या पेपरमध्ये आकडे आले, अमेरिकन मुलांपैकी ५७.९ टक्के नापास, आणि इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडची फक्त ८.७ टक्के! शीतयुद्धाचे दिवस, आपली पोरं मऊ पडली म्हणून गहजब झाला आणि १९५६ मध्ये आयझेनहॉवरने मुलांच्या फिटनेससाठी राष्ट्राध्यक्षांची कौन्सिलच नेमली. आता यात मेख अशी की अमेरिकन मुलं बहुतेक करून वाकण्यात नापास झाली होती, ताकदीत तेवढी नाही, आणि दम किती टिकतो हे तर टेस्टमध्ये नव्हतंच. म्हणजे पाठदुखीची तपासणी घेऊन आख्ख्या देशाच्या पोरांना निकाल दिला. तरी ‘मुलं हलत नाहीत’ हा आरोग्याचा प्रश्न आहे हे तेव्हा लोकांच्या डोक्यात बसलं, हे मान्य करायला पाहिजे.

इकडे सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडलेल्या मुलांसाठी १९४० च्या दशकात लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या नवरा-बायकोने जी पद्धत बसवली तिचा दबदबा कित्येक दशकं होता. थेरपिस्टने हाताने धरून हालचाल नीट करून घ्यायची, आणि मुलाने फार जोर लावायचा नाही, जोर लावला तर स्नायू आणखी आखडतील अशी समजूत. ९० च्या दशकात डायान डमियानो या फिजिओथेरपिस्टने वजनं लावून व्यायाम करून घेतला, ताकद वाढली आणि आखडणं काही वाढलं नाही. २०१६ च्या शिफारशींत तर आठवड्यातून २ ते ४ वेळा ताकदीचा व्यायाम करा असं सरळ लिहिलंय. एवढी वर्षं ज्या मुलांना जपून बसवलं त्यांचं काय, हा विचार मनात येतोच.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्वाकडे बघायची नवी चौकट आणली, त्यात शरीरातल्या दोषाइतकंच मूल खेळात, शाळेत, घरात किती भाग घेतं यालाही महत्त्व आलं. २०१२ मध्ये कॅनडाच्या रोझेनबाउम आणि गोर्टर या संशोधकांनी तर रोजची कामं, कुटुंब, फिटनेस, मजा, मित्र आणि भविष्य अशा सहा गोष्टी बघा असं सांगितलं. मजा हा शब्द रिसर्च पेपरात यायला एवढी वर्षं लागली.

मोजायचं कसं हा वेगळाच ताप. मुलांना विचारून फॉर्म भरण्यात अर्थ नाही कारण ती मोठ्यांसारखी अर्धा तास चालायला जात नाहीत, १९९५ च्या एका अभ्यासात मुलांना नुसतं बघून नोंदी केल्या तर जोराची हालचाल साधारण ३ सेकंदच टिकायची, मग थांबणं, मग परत पळणं. म्हणून ती कमरेची मशीनं, ॲक्सेलरोमीटर. त्यानंतर डेटा धडाधड यायला लागला. ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं रोज ६० मिनिटं हालचाल या शिफारशीपर्यंत पोचत नाहीत हा जो २०१६ सालचा जगभरचा आकडा सगळीकडे फिरतो तो मात्र शाळांमधल्या प्रश्नावल्यांवरून काढलाय, मशीनवरून नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणि मशीनने एक कडू गोष्टही दाखवली. २०१२ मध्ये मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी मुलांना जास्त हलवण्याच्या ३० प्रयोगांचे मशीनवर मोजलेले निकाल एकत्र केले, तर सगळा खटाटोप करून दिवसाला साधारण ४ मिनिटांचं चालणं-पळणं वाढलेलं. कदाचित शाळेनंतरच्या क्लासमध्ये उड्या मारलेलं मूल एरवी त्या वेळात बाहेर खेळलंच असतं, नुसती अदलाबदल झाली. तेव्हापासून आणखी एक क्लास लावा यापेक्षा मधली सुट्टी, शाळेत जायचा रस्ता, घरातली माणसं याकडे रिसर्च जास्त वळलाय, आणि तिथे अजून तरी कुणाकडे पक्कं उत्तर नाही.